तीन वेढे चिकटपट्टी

४ फेब्रुवारी

चि. मुंगी,

आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर पाकिटात राहू देत.

अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. मी मेलो नाही, आजारीही नाही. गुडघे सोडले तर सगळं जागेवर आहे. तुझं पत्र आत्याला आलं. तिला चष्मा सापडत नव्हता म्हणून तिने ते मला वाचायला दिलं. चष्मा तिच्या डोक्यावर होता. माझी बहीण किती सरळ आहे ते तुला ठाऊक आहे, तेव्हा तिने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, तूही म्हणू नकोस.

पत्रात माझा उल्लेख कुठे नव्हता. एका जागी "त्यांना विचार" असं होतं. ते 'त्यांना' म्हणजे मी असं धरून उत्तर देतो.

तू लिहिलंस की तुझी मुलगी चार वर्षांची झाली आणि चालताना उजवा पाय जरासा बाहेर फेकते. डॉक्टर म्हणतात हाडात दोष दिसत नाही, घरात कुणी असं चालायचं का? आणि तू आत्याला विचारतेस, आई कशी चालायची?

हा काय प्रश्न झाला? सरळ चालायची. माणसं चालतात तशी. त्या डॉक्टरला सांग, औषध असेल तर दे, नसेल तर गप्प बस, आमच्या माणसांच्या चौकशा कशाला? आणि आधी पोरीचे बूट बघ. तू लहानपणापासून सगळं एक माप मोठं घ्यायचीस, तिलाही तसेच घेतले असशील.

आता रिळाबद्दल. "आईचं ते रीळ आहे, की तेही त्यांनी कुठे पुरून ठेवलं?" असं लिहिलंस. पुरून! चौतीस वर्षं मी संस्थेच्या फिल्म-संग्रहाची थंड खोली सांभाळली. गाण्याच्या जुन्या तबकड्या उभ्या ठेवायच्या, आडव्या रचल्या की खालची वाकते. फिल्मचे डबे आडवे, एकावर एक सहाच्या वर नाहीत. तबकडीला बोट लावायचं ते कडेला, मध्ये नाही. सातवी नापास माणसाच्या हातात साहेबांनी त्या खोलीची किल्ली दिली, ती काय माझं तोंड बघून? शेकडो लोकांच्या आया मी जपल्या, आणि तुझी आई पुरून ठेवीन?

रीळ सुखरूप आहे. शिवाय तुला माहीत नाही ते सांगतो. नऊ वर्षांपूर्वी मी एका दुकानातून त्या रिळाची नक्कल चकचकीत तबकडीवर करून घेतली आहे, कॉम्प्युटरवर दिसते तशी. ती तुला पुढच्या आठवड्यात पाठवतो. तेव्हाच का नाही पाठवली ते विचारू नकोस. तबकडीत बघ आई कशी चालायची ते, आणि डॉक्टरला दाखव.

तुमचा 'त्यांना',
बाबा


१५ फेब्रुवारी

चि. मुंगी,

तबकडी पाठवलेली नाही. पोस्टाने हरवली असं लिहिणार होतो, तसं अर्धं पत्र लिहूनही झालं होतं, पण आत्या पाठीमागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "खोटं लिहायचं तर अक्षर तरी नीट काढ." तेव्हा खरं लिहितो.

पाठवण्याआधी एकदा तपासावी म्हणून मी ती चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने यंत्रात घातली. यंत्र घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. मग त्याने ती बाहेर काढून उलटीसुलटी केली.

"काका, हिच्यावर हा कागद कुणी चिकटवला?"

"मी."

"कशाला?"

"ओळखू यावी म्हणून."

"अशा किती आहेत तुमच्याकडे?"

"एकच."

तो हसला नाही, ते त्याने बरं केलं. मग त्याने समजावलं. या तबकडीचा जीव वरच्या बाजूला असतो, जिथे आपण नाव लिहितो तिथेच, पातळ चकाकत्या थरात. मला आयुष्यभर वाटत आलं की खालची बाजू जपायची, वरची काय, पाठ आहे. त्या पाठीवर मी चांगला गोंद लावून कागद डकवला आणि बॉलपेनने दाबून लिहिलं, 'आईचे चित्र. जपून ठेवणे.' गोंदाने तो थर खाल्ला. दुरुस्तीवाल्याने कागदाचं टोक जरा उचललं तर त्याच्याबरोबर चकाकी सोलून आली. मी तबकडी उजेडाकडे धरली. माझ्या अक्षराच्या जागी पलीकडची सायकलींची रांग दिसली.

नऊ वर्षं ती अंधारात, कोरड्यात, उभी ठेवली होती. कडेला सोडून कधी बोट लावलं नाही. वैताग येतो नुसता.

नक्कल करून देणारं दुकान कधीच बंद झालं. मालक कुठे गेला कुणाला माहीत नाही.

आता आत्या म्हणते, का पाठवली नव्हतीस तेही लिही. लिहितो. तबकडी तयार झाली त्याच महिन्यात आत्याला तुझ्या लग्नाचा फोटो आला. मला तो शेजारणीने दाखवला, आत्या तिला दाखवायला नेऊन तिथेच विसरली होती म्हणून. मी म्हटलं, लेकीचं लग्न बापाला न कळवता होऊ शकतं, तर आईचं चित्रही लेकीला न कळवता कपाटात राहू शकतं. झालं समाधान? लिहून मला तर काही हलकं वाटलं नाही.

मूळ रीळ आहेच. त्याला काही होत नाही. त्याची पुन्हा नक्कल करून घेतो. कपाट अजून उघडलेलं नाही, उघडतो या आठवड्यात.

बाबा

ता.क. बुटांचं काय झालं?


२ मार्च

चि. मुंगी,

या पत्रात तीन गोष्टी कबूल करायच्या आहेत, म्हणून ते सकाळी पोट साफ झाल्यावर लिहायला बसलो आहे. मध्येच पत्र फाडून टाकू नकोस, शेवटी तुझ्याकडून उत्तर हवं आहे आणि ते तारखेच्या आत हवं आहे.

पहिली. मी कपाट आत्ता उघडलं, पण वास दोन वर्षांपासून येत होता. आंबट, शिरक्याची बाटली फुटावी तसा. आत्या म्हणायची, "तुझ्या कपाटाला वास मारतो." मी म्हणायचो, तुझ्या मलमाचा आहे. ती म्हणायची, "मलम माझ्या कमरेला आहे, कपाटाला नाही." जगात कुणाला कळणार नाही पण मला कळतो तो वास. थंड खोलीत आम्ही म्हणायचो, रीळ आंबलं. एक आंबलं की शेजारच्यालाही लागतं, म्हणून नाकाने हुंगत हुंगत मी रोज फळ्यांमधून फिरायचो. दुसऱ्यांची दोनशे रिळं मी नाकाने पकडली. घरात मात्र मलम म्हणत राहिलो. कपाट उघडलं असतं तर खरं झालं असतं, म्हणून नाही उघडलं.

डबा संस्थेत घेऊन गेलो. तिथे आता नवी प्रयोगशाळा आहे. दारावरच्या माणसाने मला ओळखलं नाही, वहीत 'कामाचे स्वरूप' लिहायला लावलं. मी लिहिलं 'बायको'. तो म्हणाला, "काका, इथे बायका कामाला आहेत, पण तुमची कुठल्या विभागात?" शेवटी आतून एक तंत्रज्ञ बाई आली, तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. डबा हातात घेतला आणि तिथेच थांबली.

"ही चिकटपट्टी तुम्ही लावलीत?"

"हो. तीन वेढे. वरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यावर परत पट्टी. दमट हवा आत जाऊ नये म्हणून."

"आणि हे डब्यावरचं अक्षर तुमचं?"

"माझंच."

"म्हणजे ते तुम्ही!" ती म्हणाली. "आत बाराशे डब्यांवर हेच अक्षर आहे. आम्ही अजून त्याच्यावरूनच डबे शोधतो." मला बरं वाटलं, छाती जरा पुढे काढली. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि त्या बाराशे डब्यांची चिकटपट्टी सोडवायला आम्हाला चार महिने लागले. अशी पट्टी मारणारा कोण हा माणूस, असं आम्ही रोज म्हणायचो."

मग तिने सांगितलं. या जातीची फिल्म जुनी झाली की स्वतःच आंबट वाफ सोडते. वाफ बाहेर गेली पाहिजे. डबा बंद केला तर ती आतच कोंडते आणि फिल्मलाच खात बसते. जितका घट्ट बंद, तितकी लवकर. दमटपणा आत जाऊ नये म्हणून मी जे केलं, त्याने वाफ आत राहिली. डब्याला फट ठेवायची आणि खोली थंड ठेवायची, एवढंच करायचं असतं.

मी म्हटलं, साहेबांचा हुकूम होता. ती म्हणाली, "होता. तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. पट्ट्या काढा असं परिपत्रक नंतर आलं." तारीख बघितली. मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षाची. तेरा वर्षं झाली. एकालाही वाटलं नाही की त्या म्हाताऱ्याला एक निरोप द्यावा! निरोप समारंभात माझ्या हाताचं काय कौतुक होतं, याच्यासारखी पट्टी कुणी मारत नाही म्हणून साहेब भाषणात बोलले होते.

तिने निळ्या कागदाचा एक तुकडा डब्यात टाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. तुकडा पिवळा झाला होता. पिवळा म्हणजे सगळ्यात वाईट.

दुसरी कबुली. अकरा वर्षांपूर्वी तू रीळ मागितलंस तेव्हा मी म्हटलं, झिजेल. तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला माणसापेक्षा डबा प्यारा," आणि बॅग उचललीस. झिजण्याची भीती होतीच, पण कारण वेगळं होतं. तू नऊ वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी मी तुला संस्थेत नेऊन ते भिंतीवर दाखवलं होतं. तुला त्यातली आई आठवत असेल. मला आठवतो तो फोड. रीळ यंत्रात अडकलं, मागे दिवा पेटलेला, आणि भिंतीवर तिच्या गालाला तपकिरी फोड आला, फुगला, फुटला. तू ओरडलीस, "बाबा, आई जळते!" मी दिवा बंद केला, जळालेला तुकडा कापून जोड दिला. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा यंत्रात घालायचं नाही. ते मोडलं एकदाच, तू गेल्यावर, त्या तबकडीसाठी. तुला तेव्हा हे सांगायला काय झालं होतं मला, तेच कळत नाही. 'झिजेल' हा शब्द तोंडात तयार होता, तो निघाला.

तिसरी. आई सरळ चालायची असं मी लिहिलं, ते ठोकून दिलं. मला आठवत नाही. सात वर्षं संसार केला, ती घरात रोज चालली असेल ना? आवाज आठवतो, हात आठवतो, केस विंचरताना दातात पिन धरायची ते आठवतं. चाल आठवत नाही. आत्या म्हणते, "वहिनी घाईने चालायची." मी विचारलं, पाय फेकायची का? तर म्हणते, "घाईत कोण पाय बघतं?" आमचं त्यावरून भांडण झालं. मी बहुतेक असा विचार केला असेल की डब्यात आहे, मग डोक्यात कशाला ठेवा.

आता उत्तर दे. फिल्म आखडली आहे, वेटोळी एकमेकांना धरू लागली आहेत. ती तंत्रज्ञ बाई म्हणते, हाताने हळूहळू उलगडून एकदा, एकदाच, तिच्या यंत्राखालून नेता येईल. नेताना तुटेल, काही भाग पूर्ण जाईल. नाही नेली तर पावसाळ्यापर्यंत त्याची वीट होईल. मी तिला म्हटलं, थोडं थांबू, आणखी चांगलं यंत्र येईल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला तुझी आठवण झाली.

मी ठरवायचं म्हटलं तर मी थांबूच म्हणणार, मला दुसरं काही येत नाही. म्हणून तू ठरव. वीस तारखेच्या आत.

बाबा


२३ मार्च

चि. मुंगी,

तुझं पत्र मिळालं. माझ्या पाकिटात, माझ्या नावाने. आत्या तीनदा विचारून गेली, नक्की तुलाच आलंय ना.

चार ओळी! मी पाच पानं लिहिली, जीभ पाकिटाला चिकटेपर्यंत, आणि तू चार ओळी. "बाबा, करून टाका. तुम्ही फिल्मला हात लावू नका. आधी मी बघणार. बूट बरोबर मापाचे आहेत." बरं. करून टाकतो. हात लावत नाही. मीही आधी बघणार नाही, शब्द देतो. बुटांबद्दल माझा अजून विश्वास नाही.

पण तू बघण्याआधी एक सांगून ठेवतो, नाहीतर शेवटी तुला दिसेल आणि परत बोलणं बंद करशील.

ते चित्र कसं निघालं तुला माहीत नाही. मी थंड खोलीची किल्ली घरी विसरलो होतो. ती द्यायला तुझी आई संस्थेत आली, तू कडेवर, दीड वर्षाची. आमच्या खात्यातला छायाचित्रकार पायऱ्यांसमोर नवा छोटा कॅमेरा लावून बघत होता. तिला म्हणाला, "वहिनी, जरा वरून खाली या." ती आली. मग म्हणाला, "परत." ती हसली आणि परत वर गेली. मी आतून धावत आलो. लोक बघतायत, साहेब खिडकीत आहेत, आणि सरकारी फिल्म वाया जाते आहे! मी कॅमेऱ्यापुढे हात धरला. म्हटलं, "अहो, पुरे करा, उगाच फिल्म जाते."

त्याने थांबवलं. फिल्म उरली होती. पुन्हा केव्हातरी काढू म्हणाला, आणि झालं तेवढं रीळ धुऊन मला दिलं. पुन्हा कधी काढली नाही, अडीच वर्षांनी ती गेलीच. रिळाचा शेवटचा तिसरा हिस्सा नुसता काळा आहे, काही नाही त्यात. छत्तीस वर्षं मी तोही जपला.

रिळात आधी आई आहे, मग माझा हात आहे, मग काळं. बघशील तेव्हा त्या हाताला वाटेल ते बोल.

एप्रिलच्या चार तारखेला काम आहे. आत्या म्हणते, मी येणारच. तिला कोण अडवणार?

बाबा


६ एप्रिल

चि. मुंगी,

झालं.

सकाळी दहाला सुरू केलं, चार वाजले. तंत्रज्ञ बाईने हातमोजे घातले आणि एक एक वेटोळं असं सोडवलं, जशी तू लहानपणी जखमेवरची पट्टी काढू द्यायचीस, एक केस, मग आरडाओरडा, मग दुसरा केस. दोनदा तुटलं. तुटल्याचा आवाज येतो, मला माहीत नव्हतं. मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसलो होतो. भिंतीवर आग विझवण्याचे नियम लावले आहेत, अठरा. सगळे पाठ झाले.

आत्याने कुणाला शब्द दिला नव्हता. ती पडद्यासमोरच बसली. मला वाटलं झोपली. आणि एकदम, "अगं बाई! वहिनी!"

मी म्हटलं, "बोलू नकोस!"

"अरे पण ती बघ ना, ती…"

"गप्प बस म्हणतो ना! लेकीने आधी बघायचं आहे!"

"अरे मेल्या, तुझी बायको आहे ती!"

"म्हणूनच सांगतोय, गप्प बस!"

तंत्रज्ञ बाईने यंत्र थांबवलं आणि म्हणाली, तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडता का, फिल्म हलते. मग आत्या पदर तोंडात धरून बसली. मला मागून नुसते हुंदके ऐकू येत होते, का हसू होतं कळलं नाही. तेव्हापासून तिच्या पोटात ते मावत नाही आणि मी तिला सांगू देत नाही, त्यामुळे दोन दिवस घरात आम्ही फक्त दूध आणि किल्ल्या याबद्दल बोलतो.

एकावन्न सेकंदांची फिल्म निघाली. सगळी आधीची. आतल्या वेटोळ्यांची वीट झाली होती, ती सुटली नाहीत, सोडवताना चुरा झाला. म्हणजे माझा हात गेला आणि काळं गेलं. तंत्रज्ञ बाई वाईट वाटून म्हणाली, "काका, शेवट वाचवता आला नाही." मी म्हटलं, त्या शेवटाचं दुःख करू नका. तो चुरा तिने लहान पिशवीत घालून विचारलं, नेणार का? मी हात पुढे केला होता, मग मागे घेतला. म्हटलं, टाका.

तिला विचारलं, आता हे कसं जपायचं? ती म्हणाली, तीन ठिकाणी तीन नकला ठेवा, आणि दर वर्षी उघडून बघा. नुसती ठेवलेली टिकत नाही. एक नक्कल संस्थेत राहील, एक मला दिली आहे, एक ती उद्या तुझ्या फोनवर पाठवते. तुझा नंबर आत्याने दिला. मला तो पाठ झाला आहे, पण मी फोन करत नाही, घाबरू नकोस.

तंत्रज्ञ बाई निघताना हळूच म्हणाली, "काका, पायऱ्या उतरताना आणि चढताना पूर्ण दिसतात. पायासकट." एवढंच. मी पुढचं विचारलं नाही. माझी नक्कल टेबलावर आहे. चौकातला दुरुस्तीवाला येऊन लावून देतो म्हणाला, मी त्याला थांबवलं आहे. तुझं पत्र आल्यावर लावीन.

आत्याचा फोन आला तर उचलू नकोस, ती आधी सांगून टाकेल. तू बघ. पोरीला शेजारी बसव, तिलाही बघू दे. मग मला लिही, तुझी आई कशी चालायची ते. चार ओळी लिहिल्यास तरी पुरे.

आणि एकदा बघून जपून ठेवून देऊ नकोस. जेवताना लाव, पोरगी झोपत नसेल तेव्हा लाव, काम नसेल तेव्हा लाव. पोरगी म्हणेल तितक्यांदा लाव. तंत्रज्ञ बाई म्हणते, कितीही वेळा बघितलं तरी हे झिजत नाही. मला ते पटत नाही, बघितलेली वस्तू थोडी तरी झिजतेच.

झिजू दे. लाव.

बाबा